रस्त्यात मेलेलं हरीण दिसलं तर काय करायचं

नागपूरहून चंद्रपूरला, गोंदियाला किंवा पेंचच्या बाजूला रात्री गाडी चालवणाऱ्याला कधी ना कधी हे दिसतंच. हेडलाइटच्या उजेडात आधी काहीतरी तांबूस दिसतं, पोतं पडल्यासारखं. जवळ गेल्यावर पाय दिसतात, मग पाठीवरचे पांढरे ठिपके. चितळ. बहुतेक जण गाडी बाजूने काढतात, हळहळतात आणि पुढे निघतात. मीही बरीच वर्षं तेच केलं, कारण थांबून करायचं काय, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्यांदा थांबलो तेव्हा मी आणि मित्राने मिळून चितळाची एक मेलेली मादी पाय धरून ओढली आणि झुडपात नेऊन ठेवली. रस्ता मोकळा झाला, जनावराचे हाल थांबले, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या वनरक्षकाला सहज सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "साहेब, रात्रीतून ती कोणीतरी उचलून नेली. आता माझ्याकडं ना जनावर, ना नोंद. मेली की मारली, हेही सांगता येत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पुढे जे लिहितोय ते त्यानंतर वनरक्षकांकडून, पशुवैद्यकांकडून आणि रस्त्यावरच शिकलेलं आहे. विदर्भात नव्याने बदलीवर आलेले, नुकतीच गाडी शिकलेले, पहिल्यांदाच जंगलाकडे निघालेले, अशांसाठी हे आहे.

आधी मागून येणारी माणसं

मेलेल्या हरणाला घाई नसते. मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला मात्र ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिलं काम जनावराजवळ धावत जाण्याचं नाही. गाडी साईडपट्टीवर पूर्ण बाहेर घ्या, चारही इंडिकेटर चालू करा आणि परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे चांगला पन्नासेक पावलं लांब ठेवा. वळण असेल तर वळणाच्या आधी. लहान मुलं गाडीतच राहू देत. मोबाइलचा टॉर्च हातात ठेवा आणि स्वतः डांबरावर उभे राहू नका.

त्याच वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा उजेड टाकून बघा. चितळ कळपाने फिरतं. एक पलीकडे गेलं किंवा रस्त्यात पडलं, की उरलेली अलीकडच्या झुडपात थबकून उभी असतात आणि थोड्या वेळाने तीही उडी घेतात. टॉर्चच्या उजेडात डोळ्यांच्या जोड्या चमकताना दिसल्या, तर येणाऱ्या गाड्यांना डिपर देऊन सावध करा.

आणखी एक गोष्ट आमच्या भागात विसरून चालत नाही. रस्त्यावरचं प्रत्येक मेलेलं हरीण गाडीनेच मेलेलं असतं असं नाही. गळ्यावर सुळ्यांची भोकं दिसली, मागचा भाग खाल्लेला असला, गवतातून ओढत आणल्याची खूण रस्त्यापर्यंत आलेली असली, तर ती शिकार आहे आणि शिकार करणारा जवळच बसलेला असू शकतो. वाघ-बिबट्याला आपण त्याच्या ताटावरून उठवलेलं असतं. अशा वेळी गाडीत बसा, काचा वर घ्या, पुढे जा आणि सुरक्षित अंतरावरून फोन करा. फोटोच्या मोहाने खाली उतरू नका.

मेलंय की जिवंत आहे

हे लांबूनच ठरवायचं. बरगड्यांकडे मिनिटभर टक लावून बघा, श्वास असेल तर हालचाल दिसते. खात्री हवी असेल तर जनावराच्या पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने कधीही नाही, आणि लांब काडीचं टोक डोळ्याच्या बुबुळाला हलकेच लावा. पापणी हलली तर ते जिवंत आहे. डोळे उघडे आहेत म्हणजे जिवंत आणि निपचित पडलंय म्हणजे मेलेलं, हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

जिवंत असेल तर आपला कल मदत करण्याकडे असतो आणि नेमकं तिथेच आपण त्याला मारतो. हरणाला माणसाचा स्पर्श म्हणजे शिकाऱ्याचा पंजा. धडकेतून वाचलेलं हरीण भोवती जमलेल्या गर्दीने, गोंगाटाने, धरपकडीने बसलेल्या धसक्यातून मरतं. पशुवैद्यक हे वारंवार सांगतात. म्हणून लोकांना मागे हटवा, गाडीतलं संगीत बंद करा, थेट तोंडावर उजेड मारू नका. जनावर उठायची धडपड करत नसेल आणि जवळ जाणं सुरक्षित असेल, तर पाठीकडून जाऊन ओढणी किंवा टॉवेल डोळ्यांवर अलगद टाका. अंधार झाला की ते पुष्कळ शांत होतं. नर असेल आणि शिंगं असतील तर हेही करू नका. मान एकदा झटकली तरी शिंग पोटात जाऊ शकतं.

तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. गाडीच्या मागच्या सीटवर टाकून दवाखान्याकडे निघू नका. बेशुद्ध वाटणारं चितळ शुद्धीवर आलं की चालत्या गाडीत खुरांनी काय करू शकतं, याची कल्पना करून बघा. आणि कितीही तडफड दिसली तरी स्वतः त्याला 'सोडवायला' जाऊ नका. तो निर्णय पशुवैद्यक आणि वनाधिकाऱ्यांचा आहे. मला माहीत आहे, ती पंधरा-वीस मिनिटं फार जड जातात.

मादी मेलेली असेल आणि शेजारी पाडस उभं असेल, तर त्याला पकडू नका, घरी तर नेऊच नका. फोनवर पाडसाचा उल्लेख मात्र आवर्जून करा. गाईचं दूध पाजून वाढवू म्हणणारे खूप भेटतात. त्यातली बहुतेक पाडसं हगवण लागून चार दिवसांत जातात.

फोन कुणाला आणि काय सांगायचं

महाराष्ट्र वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' ही हेल्पलाइन 1926 या क्रमांकावर आहे, पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर सोबत 1033 लावा, म्हणजे महामार्गाची गस्ती गाडी येऊन रस्ता सुरक्षित करते. माणूस जखमी असेल किंवा वाहतूक अडली असेल तर 112. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा, म्हणजे लोक ज्याला 'रेंज ऑफिस' म्हणतात त्याचा, क्रमांक तुमच्याकडे असेल तर सगळ्यात उत्तम. नेहमीच्या रस्त्यावरच्या दोन-तीन रेंजचे क्रमांक एकदा बसून मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

फोनवर 'जंगलात हरीण पडलंय' एवढंच सांगून भागत नाही. रस्ता कुठला, कुठून कुठे जाताना, डाव्या अंगाला की उजव्या, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा नाला-पूल कोणता, जनावर कोणतं, जिवंत की मेलेलं, रस्त्यावर आहे की बाजूला, आणि तुम्ही तिथे थांबणार आहात का, हे सांगा. जनावर ओळखता आलं नाही तर वर्णन सांगा. पांढरे ठिपके म्हणजे चितळ, ते मोठं झाल्यावरही राहतात. ठिपके नसलेलं, मोठं, गडद तपकिरी, मानेवर केसाळ असेल तर सांबर. घोड्याएवढं, पुढून उंच आणि मागून उतरतं असेल तर नीलगाय, ज्याला इकडे रोही म्हणतात. बकरीएवढं लालसर असेल तर भेकर. सोलापूर-नगरच्या माळावर काळं-पांढरं, पिळाची शिंगं असलेलं दिसलं तर काळवीट. रोही आणि काळवीट खरं तर हरणं नव्हेत, ती कुरंगं. हरणाचं शिंग दरवर्षी झडतं आणि नवं येतं, कुरंगाचं झडत नाही. पण फोन करताना हा फरक आड येऊ देऊ नका.

आता एक अडचण, जी मला स्वतःला आली आहे. जंगलाचा एक तुकडा प्रादेशिक विभागाकडे, दुसरा वन्यजीव विभागाकडे, तिसरा वनविकास महामंडळाकडे असतो आणि रस्ता या तिघांमधून जातो. एकदा रात्री साडेअकराला मला तीन ठिकाणांहून 'ते आमच्या हद्दीत येत नाही' ऐकावं लागलं. तेव्हापासून मी वाद घालत नाही. समोरच्याचं नाव विचारतो, 'मग कोणाच्या हद्दीत येतं, त्यांचा नंबर द्या' एवढंच म्हणतो, वेळ लिहून ठेवतो आणि पुन्हा 1926 लावतो. तक्रार एकदा नोंदली गेली की ती कुणाला तरी घ्यावीच लागते.

वाट बघताना

मोबाइलवर लोकेशन चालू ठेवून चार फोटो काढा. एक जवळून, एक लांबून किलोमीटरचा दगड किंवा ओळखीची खूण येईल असा, एक जखमांचा, एक रस्त्यावरच्या टायरच्या खुणांचा. हे फोटो हलवाहलव करण्याआधीचे हवेत.

जनावर चालत्या लेनमध्ये असेल आणि त्यावरून आणखी अपघात व्हायचा धोका असेल तर फोनवरच विचारा, 'बाजूला घेऊ का?' हो म्हणाले तर हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालून त्याच बाजूच्या साईडपट्टीवर घ्या. झुडपात नाही, नाल्यात नाही, दृष्टीआड तर मुळीच नाही. ओढण्याआधी वजनाचा विचार करा. चितळाचा मोठा नर सत्तर-ऐंशी किलोचा असतो, सांबराचा नर दोनशेच्या पुढे जातो. अंगावर गोचिडं असतातच आणि जनावर थंड पडू लागलं की ती उतरून नवं अंग शोधतात. नंतर हात साबणाने धुवा, घरी गेल्यावर कपडे वेगळे भिजवा.

रस्त्यावर जनावर तसंच सोडून देणं वाईट का, तेही सांगतो. वास लागला की कोल्हे, तडस, रानडुकरं, गावातली कुत्री, पहाटे कावळे येतात. ती खाण्यात गुंग असतात आणि पुढच्या गाडीखाली जातात. एका चितळामागे दुसऱ्या सकाळी एक तडस पडलेलं मी बघितलं आहे.

मांसाचा प्रश्न

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मी तो मोठ्याने घेतो. 'एवढं ताजं जनावर, कुणी मारलेलं नाही, मग वाया का घालवायचं?' जंगलाकाठच्या गावात हा प्रश्न लोभापोटीच येतो असं नाही. त्यात भूकही असते आणि अन्न टाकू नये ही शिकवणही असते. तरी उत्तर स्पष्ट आहे. नेता येत नाही. मांस नाही, कातडं नाही, शिंग नाही, खूरसुद्धा नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 39 सांगतं की मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता आहे. ती तुमच्या ताब्यात आली, तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. लेखी परवानगीशिवाय ती ठेवता, देता किंवा नष्ट करता येत नाही. म्हणजे चांगल्या मनाने खड्डा खणून पुरणंही चालत नाही. कायद्याच्या साध्या भंगाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काळवीट-चिंकारासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या, प्राण्याचा संबंध असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडाचे आकडे वाढले, ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जंगलात झडून पडलेलं चितळाचं शिंग दिवाणखान्यात लावणंही यात येतं, हे शहरातल्या कित्येकांना ठाऊकच नसतं.

कायद्याला कारण आहे. रस्त्यात मेलेलं खायची मुभा दिली, की शिकाऱ्याला जीप आणि हेडलाइट पुरतात. मारायचं आणि 'धडकलं' म्हणायचं. कातडीखाली काय आहे तेही बघा. गाडीच्या धडकेने आतडी आणि मूत्राशय फुटतं आणि सगळी घाण मांसात उतरते. मे महिन्यातल्या विदर्भाच्या रात्रीही ते मांस दोन तासांत बिघडायला लागतं. शिवाय हरीण गाडीसमोर का आलं, हे तुम्हाला ठाऊक नसतं. आजारी, कळपातून मागे पडलेलं, तोल गेलेलं जनावरच आधी गाडीखाली येतं.

'पण अमेरिकेत तर नेतात' असं म्हणत नातेवाइकांनी पाठवलेले व्हिडिओ दाखवणारेही असतात. खरं आहे, तिथल्या बऱ्याच राज्यांत नेतात, पण तेही बहुतेक ठिकाणी परवान्याने. ओरेगॉनमध्ये 2019 पासून गाडीने मेलेलं हरीण किंवा एल्क (तिकडचं मोठं हरीण) उचलता येतं. त्यासाठी 24 तासांत परवाना घ्यावा लागतो आणि डोकं-शिंगं पाच कामकाजाच्या दिवसांत वन्यजीव खात्याच्या कार्यालयात जमा करावी लागतात. हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग अमेरिकेत पसरतो आहे, त्यासाठी डोकं तपासतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याचा नियम आधी बघावा, शेजारच्या राज्याचा वेगळा असतो. इथे आपल्याकडे असा परवानाच नाही.

धडक तुमच्याच गाडीची असेल तर

पळू नका. भीती समजते. गुन्हा दाखल होईल का, गाडी जप्त होईल का, हे मनात येतंच. वनविभाग चौकशी करतो, प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे ज्याला तिथे 'पीओआर' म्हणतात तो, तुमच्या नावावर नोंदवला जाऊ शकतो आणि गाडी तपासासाठी थांबवली जाऊ शकते, विशेषतः अभयारण्याच्या किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आणि वेगमर्यादा मोडलेली असेल तर. पण थांबून स्वतः फोन केलेला माणूस आणि पुढच्या टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात फुटलेल्या बंपरसह सापडलेला माणूस, यांच्याकडे कोणताही अधिकारी एकाच नजरेने बघत नाही. घडलं तसं सांगा, वेग कमी करून सांगू नका.

विम्याचं सांगतो. गाडीचं स्वतःचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत भरून मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. कंपनीला त्याच दिवशी कळवा, वनविभागाचा पंचनामा किंवा पोलीस ठाण्यातली नोंद मागून घ्या आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी दुरुस्तीला टाकू नका. रेडिएटर फुटलेला असेल तर पाणी गळतं. तशीच दामटली तर इंजिन जातं आणि ते नुकसान विमा मान्य करत नाही.

वेगाचा एक हिशेब मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतो. ताशी 80 ला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला तो एक सेकंद लागतो आणि गाडी थांबायला आणखी तीसेक मीटर. डिप्परचा उजेड साधारण तेवढाच पडतो, म्हणजे हरीण दिसलं तेव्हाच वेळ संपलेली असते. ताशी 50 ला हेच अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं. समोर आलंच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. झटक्यात स्टिअरिंग वळवून सागाच्या झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर गेलेल्या गाड्यांतली माणसं वाचत नाहीत.

वनविभाग आल्यावर

वनरक्षक किंवा वनपाल येतात, जागेचा पंचनामा करतात. तुम्हाला पंच म्हणून सही मागतील. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण वाचून सही करा. तारीख, वेळ, जागा, प्राणी, नर की मादी, जखमा, हे तुम्ही पाहिलं तसंच आहे का, एवढं बघा. मग जनावर उचलून नेतात, पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करतात आणि बहुतेक वेळा वनविभागाच्याच जागेत पंचांसमोर ते जाळतात. गोळी किंवा फासाच्या तारेची खूण शवविच्छेदनातच सापडते. अपघात म्हणून खपवलेली शिकार तिथे उघडी पडते. म्हणूनच ती मादी झुडपात ओढून आम्ही काय घालवलं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि नोंदीचं काम इथे संपत नाही. मनसर ते खवासा हा राष्ट्रीय महामार्ग 44 चा पट्टा बघा. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या त्या रस्त्याखाली आज नऊ भुयारी मार्ग आणि पूल केवळ प्राण्यांसाठी आहेत, सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा. कॅमेऱ्यांत तिथून चितळंही जाताना दिसली आणि वाघही. ते आपोआप झालं नाही. किती प्राणी नेमके कुठे ओलांडतात आणि कुठे मरतात, हे लोकांनी आणि अभ्यासकांनी वर्षानुवर्षं कागदावर आणलं, त्यावर भांडले. तुमच्या रोजच्या रस्त्यावर साधा गतिरोधक किंवा फलक हवा असेल तरी आधी तेच विचारतात, 'किती मेले, कुठे मेले?'

म्हणून घरी आल्यावर तेच फोटो लोकेशनसह 'आयनॅचरलिस्ट' या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर टाका, नाहीतर साध्या वहीत लिहा: तारीख, वेळ, किलोमीटर, प्राणी. आठवड्याभराने रेंज ऑफिसला एक फोन करा आणि त्या रात्रीच्या चितळाची नोंद कोणत्या क्रमांकाने झाली, ते विचारून वहीत त्याच ओळीत लिहून ठेवा. एकाच वळणावर तीन-चार ओळी जमल्या की त्या पानाची प्रत उपवनसंरक्षक कार्यालयाला आणि रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या खात्याला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.